गोदेच्या पाण्यावरची सांगड

दोन गोष्टींची 'सांगड घालणे' हा शब्दप्रयोग आपण लिहिता-बोलताना नित्य करतो. पण सांगड म्हणजे मुळात काय, याचा विचार क्वचितच मनात येतो. वाळलेले भोपळे किंवा हलकी लाकडे एकत्र बांधून केलेला तराफा म्हणजे सांगड. किनाऱ्यावरच्या वाचकांना गलबते आणि होड्या परिचित आहेत. मराठवाड्यातील नदीकाठाला मात्र एवढ्या मोठ्या वाहनाची गरज क्वचितच भासत असे. पूर ओसरला की पाणी डोहांपुरते उरे आणि त्या डोहांत भोई समाजाची माणसे जाळे टाकीत. पालखी वाहणे आणि मासे धरणे ही त्यांची परंपरागत कामे.

जालना जिल्ह्याची दक्षिण सीमा गोदावरीने आखली आहे. अंबड, घनसावंगी आणि परतूर हे तालुके तिच्या डाव्या तीरावर वसले आहेत. या भूमीवर एके काळी कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता होती. त्या घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे. माशांचे प्रकार, त्यांना घालावयाचे खाद्य आणि गळाने मासे धरण्याची रीत यांचे वर्णन त्यात आढळते. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. परंतु राजाचा तो विनोद होता. ज्यांच्या चुली माशांवर पेटत, त्यांचा इतिहास कोणी लिहून ठेवला नाही.

विसाव्या शतकात नदीच बदलली. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पैठणजवळ जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या, सत्तावीस दरवाजांच्या या धरणामागे नाथसागर पसरला. शंभराहून अधिक गावांची जमीन पाण्याखाली गेली. डाव्या कालव्याने ते पाणी जालना जिल्ह्यातून परभणीकडे नेले. पुढे जोगलादेवी, मंगरूळ यांसारखे बंधारे जिल्ह्याच्या सीमेवरच उभे राहिले. जेथे डोह होते तेथे खोल, सलग पाणी आले.

मासेही बदलले. हिरालाल चौधरी यांनी १९५७ साली संप्रेरकांच्या साहाय्याने कार्प जातीच्या माशांचे प्रजनन घडवून दाखविले. त्यामुळे कटला, रोहू, मृगळ या उत्तरेकडील माशांचे बीज जलाशयांत सोडणे शक्य झाले. १९५२ साली परदेशातून भारतात आणलेल्या तिलापियाचे कुळ, ज्याला आपले मच्छीमार 'चिलापी' म्हणतात, तेही सर्वत्र फोफावले. मरळ, वांब, शिंगाळा या जुन्या रहिवाशांना आता या नव्या पाहुण्यांशी स्पर्धा करावी लागते.

खोल पाण्यासाठी वाहन हवे, आणि होडी विकत घेण्याची ऐपत सर्वांची नसते. म्हणून भोपळ्यांची जागा थर्माकोलने घेतली. जाड तुकडे एकत्र बांधायचे, त्यांवर प्लॅस्टिकची पोती गुंडाळायची, वर एका माणसाने बसायचे आणि हातांतल्या लहान फळ्यांनी पाणी मागे सारायचे. कुठे ट्रकची फुगवलेली ट्यूबही चालते. उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची 'कयाक' हीदेखील एका माणसाचीच नाव. सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती वरूनही बंद केलेली असते, त्यामुळे आतला माणूस कोरडा राहतो. आपल्या सांगडीला मात्र ना कड, ना आच्छादन.

पौषातील पहाटे याचा अर्थ कळतो. पाण्यावर धुके असते आणि काठ दिसत नाही. आदल्या संध्याकाळी लावलेले जाळे उघड्या हातांनी ओढावे लागते. गारठ्यात मासे मंदावतात, खाणे कमी करतात. त्यामुळे श्रम जास्त आणि जाळे हलके. वारा सुटला की तराफा कोणत्या बाजूला लोटला जाईल याचा नेम नसतो, आणि पाण्यात पडलेल्या माणसाच्या अंगातील ऊब हवेपेक्षा पाणी कितीतरी वेगाने ओढून घेते. अंगात जीवरक्षक जाकीट क्वचितच असते. सूर्य वर येईपर्यंत घरची माणसे काठाकडे डोळे लावून बसतात.

धरणाचा इतिहास दरवाजे, घनफूट आणि हेक्टर यांत लिहिला जातो, आणि तो खराही आहे. त्या पाण्याने शेते पिकली, शहरांची तहान भागली. पण ताटात आलेला मासा कोणत्या थंडीतून आणि कशावर बसून आणला गेला, हे त्या आकड्यांत सापडत नाही. धरणाचे वैभव आणि त्या एकट्या माणसाची सुरक्षितता यांची सांगड घालणे अजून बाकी आहे. ज्यांनी आपल्या भाषेला हा शब्द दिला, त्यांचे एवढे ऋण तरी आपण मानावयास हवे.