छोट्या ऑनलाइन दुकानाची मांडणी आणि विक्री

इंदूरला नमकीनच्या दुकानात गेलो की भाव विचारायच्या आधी हातावर चिमूटभर शेव येते. आपण चाखतो, "जरा तिखट आहे" म्हणतो, आणि दुकानदार दुसऱ्या बरणीचे झाकण उघडतो. किती दिवस टिकेल, पुण्याला न्यायची तर कशी बांधून द्याल, पावशेर मिळेल का, हे सगळे तिथल्या तिथे विचारून होते. आपण रिकाम्या हाताने क्वचितच बाहेर पडतो.

ऑनलाइन दुकानात हा दुकानदार नसतो. गिऱ्हाइकाच्या मनात आलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर समोरच्या पानानेच द्यायचे असते. उत्तर मिळाले नाही तर गिऱ्हाईक फोन करून विचारत बसत नाही, पान बंद करते, आणि ते आले होते हे आपल्याला कळतही नाही.

मंडळाच्या परिवारातील अनेक घरांतून आता असा घरगुती व्यवसाय चालतो. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, दिवाळीचा फराळ, माहेश्वरी साड्या, मोत्यांचे दागिने अशा वस्तू विकल्या जातात. खंडवा रोडवर सिमरोलला आयआयटीचा परिसर झाल्यावर तिकडे राहायला आलेल्या काही सभासद भगिनींनीही असे काम सुरू केले आहे. शहरातली ओळखीची गिऱ्हाइके तिथून लांब पडतात, त्यामुळे त्यांची भिस्त ऑनलाइन विक्रीवरच आहे. "वेबसाइट तर केली, लोक बघतातही, मग ऑर्डर का येत नाही?" हा प्रश्न आम्हाला इतक्यांदा विचारला गेला, की या विषयावर एकदा नीट लिहून ठेवावे असे वाटले.

आधी थोडे गणित. समजा महिन्याला २०० जणांनी पान उघडले आणि चौघांनी ऑर्डर दिली. विक्री दुप्पट करायची तर आणखी २०० जण आणावे लागतील, म्हणजे जाहिरातीचा खर्च आला. नाहीतर त्याच २०० जणांतून चौघांऐवजी आठ जण ऑर्डर देतील अशी व्यवस्था करावी लागेल. दुसरा मार्ग स्वस्त आहे आणि तो मांडणीतून जातो. इथे मांडणी म्हणजे रंग आणि फुलापानांची नक्षी नव्हे. कोणती माहिती कुठे आहे, काय आधी दिसते, पैसे भरेपर्यंत किती ठिकाणी अडखळावे लागते, याला आम्ही मांडणी म्हणतो.

एकूण रक्कम आधी सांगा

डेन्मार्कमधील बेमार्ड इन्स्टिट्यूट ही संस्था ऑनलाइन खरेदीचा अनेक वर्षे अभ्यास करते आहे. तिने एकत्र केलेल्या पाहण्यांनुसार वस्तू निवडून पिशवीत टाकणाऱ्या दर १०० जणांपैकी सुमारे ७० जण पैसे न भरताच निघून जातात. त्यातले बरेचसे नुसते बघायला आलेले असतात, ते सोडून द्या. उरलेल्यांनी सांगितलेले सर्वांत मोठे कारण म्हणजे शेवटच्या पायरीवर अचानक वाढलेला खर्च: टपाल, पॅकिंग, कर.

आपल्या फराळाला हे जास्तच लागू पडते. चिवडा वजनाला हलका, पण जागा फार खातो, आणि बहुतेक कुरिअर कंपन्या अशा पार्सलला खोक्याच्या आकारावरून वजन लावतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि ५००० ने भागायचे, हा सर्वसाधारण हिशेब. ३० बाय २५ बाय २० चे खोके म्हणजे १५,००० भागिले ५०००, म्हणजे ३ किलो. आत चिवडा किलोभरच असला तरी पैसे ३ किलोचे पडतात. हा आकडा गिऱ्हाइकाला शेवटी दिसला तर ते बिचकणारच. म्हणून पिनकोड टाकायची चौकट वस्तूच्या भावाशेजारीच ठेवावी. त्याहून सोपे म्हणजे "पुण्याला घरपोच, सगळे धरून" असा एकच भाव लिहावा. एकेक वस्तू न विकता खोक्यात नेमके बसतील असे संच केले, तर हिशेब आपल्यालाही सोपा जातो.

कायद्याचेही हेच म्हणणे आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात आणि तिची फोड, दोन्ही दाखवायची असतात.

पैसे भरण्याची वाट

२००९ साली जॅरेड स्पूल या अमेरिकन तज्ज्ञाने एका मोठ्या दुकानाची हकीकत लिहिली, ती या क्षेत्रात अजून सांगितली जाते. त्या दुकानाच्या वेबसाइटवर पैसे भरण्याआधी नाव नोंदवून पासवर्ड तयार करावा लागे. नव्या गिऱ्हाइकाला त्याचा राग येई आणि जुन्याला पासवर्ड आठवत नसे. "नोंदणी करा" हे बटण काढून तिथे "पुढे चला" असे बटण ठेवले आणि नोंदणी ऐच्छिक केली. खरेदी पूर्ण करणारे ४५ टक्क्यांनी वाढले आणि पहिल्या वर्षी सुमारे ३० कोटी डॉलरची जास्त विक्री झाली. आपल्या दुकानाला असा आकडा लागू होणार नाही हे उघडच आहे. पण मेतकुटाच्या एका पाकिटासाठी पासवर्ड मागणारी पाने आम्ही आपल्याकडेही पाहिली आहेत. नाव, पत्ता, पिनकोड आणि मोबाइल नंबर एवढे पुरते.

पत्त्याच्या चौकटींकडेही लक्ष द्यावे. तयार साच्यांत पुष्कळदा "रस्ता क्रमांक" भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गावात राहणारा माणूस तिथे काय लिहिणार? तिथे "खूण" लिहायला जागा द्या, देवळाजवळ, शाळेमागे असे काहीही लिहू द्या.

यूपीआयची एक चूक तर इतक्या पानांवर दिसते, की ती वेगळी सांगायला हवी. पैसे घेण्यासाठी क्यूआर कोडचे चित्र लावलेले असते. बघणारा मोबाइलवर बघतो आहे. त्याने स्वतःच्याच मोबाइलच्या पडद्यावरचा कोड कशाने स्कॅन करावा? चित्र साठवून पुन्हा उघडण्याचा खटाटोप तरुण मुले करतील, मावशी-आत्या करणार नाहीत. दाबल्यावर थेट यूपीआयचे अ‍ॅप उघडेल असे बटण द्या. क्यूआर कोड संगणकावरून बघणाऱ्यांसाठी खाली राहू द्या.

छायाचित्रे आणि वेग

गूगलने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार मोबाइलवर पान उघडायला ३ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर निम्म्याहून अधिक, ५३ टक्के, भेटी तिथेच संपतात. घरगुती दुकानाचे पान जड होते ते बहुतेक वेळा छायाचित्रांमुळे. मोबाइलने काढलेला एक फोटो ३-४ एमबीचा असतो, आणि तसे १५ फोटो पहिल्याच पानावर लावलेले असतात. आकार कमी करून प्रत्येक फोटो १००-२०० केबीपर्यंत आणता येतो आणि मोबाइलच्या पडद्यावर फरक दिसत नाही. आपोआप सरकणारी मोठी चित्रे आणि पान उघडताच वाजणारी सनई, दोन्ही काढून टाकावीत. (सनई खरोखर एका पानावर होती. आता नाही.)

फोटो कमी असले तरी चालतील, पण ते नेमके हवेत. माहेश्वरी साडी घेऊ. दुकानात बाई साडी उलगडून काय पाहतात? आधी काठ, आणि तो दोन्ही बाजूंनी. माहेश्वरीचा काठ दोन्हीकडून नेसता येतो, हीच तिची खासियत. मग पदर. पारंपरिक पदरावर पाच पट्टे असतात, तीन रंगीत आणि दोन पांढरे. मग पोत: ताणा रेशमी आणि बाणा सुती असला तर साडी अंगाला हलकी लागते. शेवटी ती उजेडात धरून पाहतात. तेव्हा फोटोही तेवढेच हवेत: काठाची सुलटी बाजू, उलटी बाजू, पूर्ण उघडलेला पदर, पोताचा जवळून घेतलेला एक, आणि नेसलेली साडी. घडी घातलेल्या साडीचे सहा फोटो सहा कोनांतून काढले तर या प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर मिळत नाही.

फोटो दिवसाउजेडी खिडकीशी काढावेत. ट्यूबलाइटखाली डाळिंबी रंग विटकरी दिसतो, आणि मग साडी परत येते. लांबी, ब्लाऊजपीस आहे की नाही, धुण्याची रीत, हातमाग की यंत्रमाग, हे फोटोखाली साध्या शब्दांत लिहावे. हातमागाची खूण असलेले लेबल असेल तर त्याचाही फोटो द्यावा. यंत्रमागाची नक्कल निम्म्या भावात शेजारच्या पानावर दिसत असते, तेव्हा आपला भाव जास्त का, याचे उत्तर पानावर असलेच पाहिजे.

खाद्यपदार्थांचे प्रश्न वेगळे. वजन, घटक, तेल कोणते, तिखट किती, किती दिवस टिकेल. पाकिटासोबत चमचा किंवा वाटी ठेवून फोटो काढला की आकाराचा अंदाज येतो. नुसता फोटो पाहून २०० ग्रॅमचे पाकीट लोकांना अर्ध्या किलोचे वाटते आणि माल पोचल्यावर तक्रार येते.

किती वस्तू मांडाव्यात? शीना आयंगार आणि मार्क लेपर यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला मुरंब्याचा प्रयोग याबाबत नेहमी सांगितला जातो. २४ प्रकार मांडले तेव्हा टेबलापाशी थांबलेल्यांपैकी ३ टक्क्यांनी खरेदी केली, ६ मांडले तेव्हा ३० टक्क्यांनी. पुढच्या अनेक प्रयोगांत इतका फरक दिसला नाही, म्हणून तो नियम मानू नये. इंदूरचा नमकीनवाला ३० प्रकारची शेव ठेवून उत्तम धंदा करतो, कारण तो चाखायला देतो. चाखायला देता येत नसेल तर आमच्या मते पहिल्या पानावर पाच-सहा वस्तू पुरेत.

भाषा आणि अक्षरे

एका सभासद ताईंच्या पानावर चिवड्याच्या फोटोखाली बटण होते, "कार्टमध्ये जोडा". हिंदीवरून यंत्राने केलेले हे मराठी. पुण्याच्या एका आजींनी फोन करून विचारले, "तुम्ही चपलाही विकता का?" आता तिथे "पिशवीत टाका" असे आहे.

आपली गिऱ्हाइके तीन भाषांतली. इंदूरची हिंदी वाचतात, पुण्या-नागपूरची मराठी, आणि परदेशातली नातवंडे इंग्रजी. पदार्थाचे नाव तिन्ही भाषांत द्यावे. एकच मसाला कुणी गोडा म्हणते, कुणी काळा म्हणून शोधते, तर दोन्ही शब्द पानावर असू द्यावेत. मात्र ते अक्षरांत हवेत, चित्रात नकोत. जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर वेबसाइटवर अगम्य दिसतो, म्हणून पुष्कळ जण त्याचे चित्र करून लावतात. गूगलच्या शोधात असे शब्द सापडण्याचा भरवसा नसतो आणि मोबाइलवर ते बारीक दिसतात. युनिकोडमध्येच टाइप करावे. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा "मुक्ता" फाँट विनामूल्य आहे आणि वाचायला स्वच्छ आहे. देवनागरी फाँटच्या फाइली जड असतात, म्हणून एकच फाँट, साधा आणि ठळक, एवढाच वापरावा. पानाची भाषा "मराठी" अशी नोंदवली तर काही फाँटमध्ये ल आणि श आपल्या वळणाचे येतात. विक्रीवर याचा परिणाम होत नसेल, पण आम्हाला ते बरे वाटते.

विश्वास

अनोळखी पानावर पैसे भरताना माणूस शोधतो ते विकणाऱ्याचे नाव. "आमच्याविषयी" या पानावर खरे नाव, गाव, फोन आणि स्वयंपाकघराचा एखादा फोटो असावा. "सिमरोल, इंदूर ४५३५५२" एवढा पत्तासुद्धा धीर देतो. खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआयचा १४ अंकी नोंदणी क्रमांक दिसेल असा लिहावा. माल खराब निघाला तर काय कराल, हे दोन वाक्यांत सांगावे. माल राज्याबाहेर जाणार असेल तर जीएसटी नोंदणीबद्दल आपल्या सीएंशी आधी बोलून घ्यावे. सिमरोलहून पुणे म्हणजे दुसरे राज्य.

"फक्त २ शिल्लक!", "१० मिनिटांत ऑफर संपणार!" असल्या खोट्या घाईच्या पाट्या लावू नयेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ फसव्या पद्धतींवर बंदी घातली आहे. न विचारता पिशवीत एखादी वस्तू टाकणे हीही त्यातलीच एक.

घाई खरी असेल तेव्हा मात्र ती सांगायलाच हवी. सिमरोलच्या एका भगिनींच्या पानावर दिवाळीत शेवटपर्यंत "ऑर्डर द्या" असे बटण होते. धनत्रयोदशीला पुण्याहून ऑर्डरी आल्या, पैसेही आले, आणि फराळ भाऊबीजेनंतर पोचला. काही करंज्या फुटलेल्या होत्या. त्यांनी सगळ्यांचे पैसे परत केले, आणि महिनाभराची मेहनत त्यातच गेली. पुढच्या वर्षी पानाच्या अगदी वर, भावाच्याही आधी, एक ओळ आली: कोणत्या शहरासाठी शेवटची ऑर्डर कोणत्या तारखेला. ती तारीख उलटली की त्या शहराचे बटण बंद होते. करंज्या आता फक्त इंदूरमध्ये मिळतात.

वेबसाइट हवीच का?

दहा-बारा वस्तू असतील आणि गिऱ्हाईक ओळखीचे असेल तर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा कॅटलॉग पुरतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. अनोळखी गावांतून ऑर्डरी येऊ लागल्या, तेच ते प्रश्न रोज टाइप करावे लागले, की मग वेबसाइट करावी. त्यावर काय लिहायचे तेही तोवर ठरलेले असते: व्हॉट्सअ‍ॅपवर लोकांनी जे वारंवार विचारले ते.

पान तयार झाले की घरच्यांना दाखवून "कसे वाटते?" असे विचारू नका. ते छानच म्हणतात. जेकब नील्सन या तज्ज्ञाने २००० सालीच लिहिले होते, की पाच जणांना वापरायला दिले तरी बहुतेक अडचणी उघड होतात. शेजारच्या काकूंना त्यांच्याच मोबाइलवर पान उघडायला सांगा, "अर्धा किलो भाजणी मागवा" म्हणा आणि गप्प बसा. बोट कुठे अडते ते कागदावर लिहा. एका वेळी एकच बदल करा, म्हणजे कशाने फरक पडला ते कळेल. ज्यांना ही चाचणी करून घ्यायची असेल त्यांनी मंडळात सांगावे. मोबाइल घेऊन बसायला आमच्याकडे ज्येष्ठ सभासदांची तयारी आहे. भाजणीचे पाकीट मात्र खरे लागेल, असे त्यांनी आधीच बजावले आहे.