एका राष्ट्राचे स्वयंपाकघर

इटलीचे राजकीय एकीकरण १८६१ मध्ये जाहीर झाले आणि १८७० मध्ये रोम नव्या राज्यात आले. नकाशा एक झाला. जिभा मात्र वेगळ्याच राहिल्या, बोलण्यातही आणि चवीतही. पो नदीच्या खोऱ्यात लोणी, भात आणि मक्याच्या पिठाचा पोलेंटा, तस्कनीत ऑलिव्हचे तेल, नेपल्सकडे टोमॅटो आणि सुकवलेला पास्ता, असा प्रांतोप्रांतीचा आहार होता. श्रीमंतांच्या पंक्तीवर फ्रेंच पाकशास्त्राची छाप होती.

ही दरी बुजविण्याचे काम एका व्यापाऱ्याच्या हातून घडले. पेल्लेग्रीनो आर्तुसी (१८२०–१९११) हा मूळचा रोमान्या प्रांतातील फोर्लिम्पोपोली गावचा. जानेवारी १८५१ मध्ये डाकूंनी ते गाव लुटले. त्यांच्या अत्याचाराने त्याच्या एका बहिणीला वेड लागले, आणि पुढे हे कुटुंब फ्लोरेन्सला स्थायिक झाले. व्यापारातून निवृत्त झालेल्या आर्तुसीने १८९१ मध्ये ४७५ पाककृतींचा ग्रंथ सिद्ध केला. प्रकाशक मिळेना, तेव्हा तो त्याने पदरमोड करून छापला.

लेखन सुबोध, तस्कन वळणाच्या इटालियनमध्ये होते आणि कृतींच्या आगेमागे प्रवासाच्या आठवणी होत्या. १८५५ मध्ये लिव्होर्नो येथे मिनेस्त्रोने हे भाज्यांचे सूप घेतल्यानंतर त्या रात्री त्याचे पोट बिघडले. त्याने सुपालाच दोष दिला. मागाहून कळले की गावात पटकीची साथ आली होती. ही हकिकत सांगून तो त्याच सुपाची कृती देतो. वांग्याविषयीची त्याची नोंद तर सामाजिक इतिहासच आहे. चाळीस वर्षांपूर्वी फ्लोरेन्सच्या बाजारात वांगी व बडीशेपेचे कंद क्वचितच दिसत, कारण ते ज्यूंचे खाणे म्हणून हीन मानले जाई. या बाबतीत ज्यूंनाच अधिक चांगली पारख होती, असा निर्वाळा तो देतो.

ग्रंथ घरोघरी पोहोचला, तशा वाचकांच्या पाककृती टपालाने येऊ लागल्या. मारिएत्ता साबातीनी आणि फ्रांचेस्को रुफील्ली हे घरचे दोघे स्वयंपाकी त्या करून पाहत. अखेरच्या आवृत्तीत संख्या ७९० वर गेली. ग्रंथावर लेखकाचे एकट्याचे नाव असले, तरी तो असा अनेक हातांनी वाढला.

तरीही या राष्ट्रीय पंक्तीत सर्वांना पाट मिळाला नाही. रोमान्या आणि तस्कनीला मानाचे स्थान लाभले. दक्षिणेच्या वाट्याला थोडेच आले. उत्तरेतील गरीब शेतमजूर तर केवळ मक्यावर जगत आणि त्या निकृष्ट आहारामुळे पेलाग्रा रोगाला बळी पडत. ग्रंथातील लोणी, मांस आणि अंडी त्यांच्या आवाक्याबाहेरची होती. राष्ट्राची चव म्हणून जे लिहिले गेले, ते मुख्यतः मध्यमवर्गाच्या ताटातले होते.

आर्तुसीने मृत्युपत्राने ग्रंथाचे हक्क मारिएत्ता आणि फ्रांचेस्को यांना दिले. ज्यांच्या हातांनी तो ग्रंथ शिजला, त्यांचे ऋण त्याने असे मान्य केले.