चाळीस पिंपांचा खटला

इसवी सन 1909 च्या ऑक्टोबरात अटलांटा शहराहून टेनेसी राज्यातील चॅटनूगा येथे निघालेला कोका-कोलाच्या पाकाचा साठा अमेरिकन सरकारच्या अंमलदारांनी जप्त केला, आणि तेथील कायद्याच्या रीतीस अनुसरून कारखानदाराऐवजी मुद्देमालालाच प्रतिवादी करून दावा गुदरला. त्यामुळे ‘संयुक्त संस्थाने विरुद्ध कोका-कोलाची चाळीस पिंपे व वीस लहान पिंपे’ अशा विलक्षण नावाचा कज्जा न्यायालयाच्या दप्तरी दाखल झाला. पिंपांनी आपली कैफियत कशी मांडावी ही अडचण मात्र उद्भवली नाही, कारण त्यांच्या वतीने कंपनीचे नामांकित वकील हजर होते.

जॉन पेंबर्टन नामक औषधविक्रेत्याने 1886 साली सिद्ध केलेले हे पेय आरंभी मज्जातंतूंस पुष्टी देणारे व थकवा हरण करणारे म्हणून विकले जाई. त्यातील कोकेन विसाव्या शतकाच्या आरंभी जवळजवळ नाहीसे झाले. कॅफीन मात्र राहिले. सरकारी रसायन विभागाचे प्रमुख हार्वे वायली, ज्यांच्या चिकाटीमुळे 1906 चा शुद्ध अन्न व औषध कायदा अस्तित्वात आला, त्यांचा आक्षेप नेमका या कॅफीनवर होता. चहा-कॉफीत ते निसर्गतःच असते, परंतु पाकात ते बाहेरून घातलेले आहे, आणि मुलेबाळेही ज्याचे पेले रिचवतात अशा पेयात ते अपायकारक आहे, असे त्यांचे म्हणणे. एका पेल्यात सुमारे सव्वा ग्रेन, म्हणजे 80 मिलिग्रॅमच्या आसपास कॅफीन पडे. आज बाजारात मिळणाऱ्या ऊर्जापेयाच्या पाव लिटरच्या डब्यातही साधारण तितकेच असते, हे ध्यानात घेतले म्हणजे हा जुना कज्जा किती निकटचा आहे ते उमगते.

खटला उभा राहण्याच्या सुमारास कंपनीच्या लक्षात आले की कॅफीनचा माणसाच्या बुद्धीवर व हालचालींवर काय परिणाम होतो याचा विश्वसनीय पुरावा आपल्यापाशी नाही. तेव्हा तिने हॅरी हॉलिंगवर्थ या तरुण मानसशास्त्रज्ञास पाचारण केले. आणि त्याने, निष्कर्ष कोणताही निघो, तो प्रसिद्ध करण्याची मोकळीक असावी व जाहिरातीत आपले नाव येऊ नये, अशा अटी घालून काम पत्करले. कंपनीच्या पैशाने चाललेल्या संशोधनाकडे संशयाने पाहावे हा शहाणपणा खरा, पण या अटींचे मोल मानलेच पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये भाड्याने घेतलेल्या जागेत सोळा स्त्री-पुरुषांवर काही आठवडे हे प्रयोग चालले. कॅप्सूलांमध्ये कधी कॅफीन, कधी नुसती दुग्धशर्करा. कोणत्या दिवशी काय दिले हे घेणाऱ्यासही ठाऊक नाही आणि मोजणी करणाऱ्यासही नाही. टंकलेखनाचा वेग, हाताचा कंप, आकडेमोड, निद्रा, सगळ्याची टिपणे झाली. प्रत्यक्ष देखरेख त्याची पत्नी लेटा हिच्याकडे होती, जिला विवाहित असल्याच्या सबबीवर त्या शहरातील शाळांनी शिक्षिकेची नोकरी नाकारली होती. या कामाच्या मेहनतान्यातून तिचे उच्च शिक्षण झाले आणि पुढे मानसशास्त्रात तिने स्वतःचे नाव कमावले. मला तर या साऱ्या कज्ज्याची हीच सर्वांत समाधानकारक फलश्रुती वाटते.

निष्कर्ष असा निघाला की बेताच्या मात्रेने हालचाल व विचार यांना वेग येतो आणि फारसा अपाय दिसत नाही. पण सहा ग्रेनच्या वर, म्हणजे सुमारे 390 मिलिग्रॅमपुढे गेल्यास बहुतेकांची झोप बिघडते. 1911 च्या मार्चात ही साक्ष झाली खरी, परंतु न्यायाधीश सॅनफर्ड यांनी तिचा विचार पंचांपुढे जाऊच दिला नाही. कॅफीन हा पाकाच्या कृतीतलाच घटक आहे, सबब तो ‘मिसळलेला’ नव्हे, या तांत्रिक मुद्द्यावर त्यांनी कंपनीच्या बाजूने फैसला दिला. 1916 साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. तेव्हा कंपनीने तडजोड केली, कॅफीन जवळपास निम्म्यावर आणले व खर्च भरला. अपाय होतो की नाही, हा मूळ प्रश्न न्यायालयाने कधीच निकालात काढला नाही.

कॅफीन घातलेल्या पेयांची पुढची हकीकत थोडक्यात अशी: 1962 साली जपानमध्ये टॉरिन व कॅफीन घातलेले लिपोव्हिटान तपकिरी कुप्यांतून विकले जाऊ लागले, थायलंडमध्ये त्याच धर्तीवरचे क्राटिंग डेंग निघाले, आणि 1987 साली ऑस्ट्रियात त्याचेच रूपांतर रेड बुल या नावाने बाजारात आले.

उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे गूळपाणी ठेवणाऱ्या आपल्या रिवाजात शक्तीचा हिशेब सरळ होता: पाणी तहान भागवी, गूळ शरीरास इंधन पुरवी. ऊर्जापेयाच्या डब्यातील साखरही तेवढे करते. कॅफीन मात्र इंधन नव्हेच. मेंदूत दिवसभर साचत जाणारे ॲडेनोसिन थकव्याचा निरोप घेऊन येते, आणि कॅफीन त्याच्या दारात जाऊन बसते, एवढेच. निरोप अडला तरी थकवा जागच्या जागी असतो, आणि तो फेडण्यास निद्रा, आहार व विश्रांती यांखेरीज दुसरे काही कामास येत नाही. आज भारतीय नियमांनुसार अशा कॅफीनयुक्त पेयाच्या एका लिटरात 145 ते 300 मिलिग्रॅम कॅफीन असावे लागते, आणि बालके, गर्भवती व स्तनदा माता यांनी ते घेऊ नये असा इशारा डब्यावर छापावा लागतो. युरोपीय अन्नसुरक्षा यंत्रणेने 2015 साली निरोगी प्रौढासाठी दिवसाची मर्यादा 400 मिलिग्रॅम ठरवली, जी सहा ग्रेनच्या जुन्या आकड्याहून फारशी दूर नाही. तथापि या हिशेबात दिवसभराचा चहा आणि कॉफीही धरायची असते, आणि सायंकाळी सहाला घेतलेल्या डब्यातील सुमारे निम्मे कॅफीन रात्री अकरालाही रक्तात असते, ही गोष्ट परीक्षेच्या आदल्या रात्री डबा फोडणाऱ्या विद्यार्थ्यास सहसा कोणी सांगत नाही.