अॅबिंग्डनची गाडी पारखताना



कामगार चळवळीतला माणूस जुन्या विलायती स्पोर्ट्स गाडीवर काय बोलणार, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. अशी गाडी विकत घेण्याची माझी ऐपत नाही, आणि या सभागृहातही असे ग्राहक फारसे बसले असतील असे वाटत नाही. परंतु इंग्लंडात दरवर्षी कितीतरी माणसे पन्नास-साठ वर्षांच्या गाड्या विकत घेतात, आणि घेण्याआधी त्या कशा तपासाव्यात याचे एक पक्के शास्त्रच तेथे तयार झाले आहे. हे शास्त्र वाचता वाचता माझ्या ध्यानात आले की, हा तर कारखान्याचा इतिहास आहे. कागदपत्रांत जे सापडत नाही ते पत्र्यात सापडते. आपल्याकडे बैलबाजारात शेतकरी बैलाचे दात मोजतो, खांदा चाचपतो, चार पावले चालवून पाहतो. बैलाने कोणाच्या घरी किती उपास काढले ते त्याला तेवढ्यावरून कळते. गाडीचेही तसेच आहे.

उदाहरणासाठी मी एकच गाडी घेतो, ती म्हणजे एम. जी. बी. यातील पहिल्या दोन अक्षरांचा उगम मॉरिस गॅरेजेस या ऑक्सफर्डच्या दुकानात आहे. विल्यम मॉरिस यांच्या त्या दुकानात सेसिल किंबर हे गृहस्थ १९२१ साली विक्रीचे काम पाहू लागले आणि पुढच्याच वर्षी व्यवस्थापक झाले. मॉरिसच्या साध्या गाड्यांवर डौलदार सांगाडे चढवून विकण्याची कल्पना त्यांची. १९२९ साली हा धंदा ऑक्सफर्डच्या दक्षिणेस अॅबिंग्डन या लहानशा गावी, एका चामड्याच्या कारखान्याच्या आवारात गेला आणि पुढची पन्नास वर्षे तेथेच राहिला. किंबर मात्र राहिले नाहीत. महायुद्धाच्या काळात वरिष्ठांना न विचारता त्यांनी लष्करी काम मिळवले, म्हणून १९४१ साली त्यांना घरी पाठवण्यात आले, आणि १९४५ च्या फेब्रुवारीत लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावरील रेल्वे अपघातात त्यांचा अंत झाला. मालकाच्या घरात साहेबाची नोकरीसुद्धा किती पक्की असते, हे त्यावरून दिसते. असो.

एम. जी. बी. बाजारात आली १९६२ च्या सप्टेंबरात, आणि १९८० च्या ऑक्टोबरात शेवटची गाडी बाहेर पडली. अठरा वर्षांत पाच लाखांहून अधिक गाड्या झाल्या, आणि त्यांतील मोठा हिस्सा अमेरिकेस गेला. आता ऐकून आश्चर्य वाटेल, पण अॅबिंग्डनला गाडीचे भाग फारसे तयार होत नसत. सांगाड्याचा पत्रा स्विंडनच्या कारखान्यात दाबला जाई, इंजिन कॉव्हेंट्रीहून येई, कार्ब्युरेटर आणि विजेचे सामान बर्मिंगहॅमहून येई. अॅबिंग्डनला जुळवणी होई. तीही यांत्रिक सरकत्या पट्ट्यावर नव्हे. कामगार गाडी हातांनी पुढे ढकलीत आणि पुढचा जोडारी आपले काम करी. ज्या काळात अमेरिकेतील कारखान्यात पट्टा माणसाला ओढीत होता, त्या काळात येथे माणूस गाडीला ढकलीत होता!

आता परीक्षेकडे वळू. नवखा ग्राहक आधी इंजिन पाहतो. जाणता माणूस गुडघे टेकतो आणि दाराखालचा उंबरठा पाहतो. त्याचे कारण असे की, आधीच्या एम. जी. ए. या गाडीला खाली स्वतंत्र लोखंडी चौकट होती आणि सांगाडा तिच्यावर बसवलेला असे. बी मध्ये चौकट काढून टाकली आणि पत्र्याच्या सांगाड्यानेच सगळा भार वाहावा अशी रचना केली. आत जागा वाढली. पण उघड्या गाडीला वर छप्पर नाही. तेव्हा पुढचा आणि मागचा भाग एकत्र धरून ठेवण्याचे बरेचसे काम दोन्ही दारांखालच्या पोकळ तुळयांवर आले. इंग्रजीत त्यांना सिल म्हणतात. ही तुळई पत्र्याच्या अनेक थरांची आहे. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, मध्ये एक पडदा, आणि सर्वांत खाली दातेरी आकाराची एक पट्टी. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते खारे पाणी चाकांमागून या पोकळीत शिरते, पाणी निघून जाण्याची भोके चिखलाने बुजतात, आणि तुळई आतून सडू लागते. बाहेरचा रंग मात्र लखलखीत. वरून कीर्तन, आतून तमाशा!

तुळई सडली की गाडी पोटात वाकते. ही खोड पकडण्याची युक्ती फार साधी आहे. दार बंद करून त्याच्या मागच्या कडेची फट पाहावी. ती वरपासून खालपर्यंत सारखी हवी. वरती चिमटलेली आणि खाली फाकलेली दिसली, तर गाडीचा कणा खचला असे समजावे. मग विक्रेत्याच्या परवानगीने, नेमून दिलेल्या जागी जॅक लावून गाडी एका बाजूने उचलावी आणि दार उघडून पाहावे. दार अडले किंवा फट बदलली तर पुढे बोलणेच नको. जॅकच आत रुतू लागला तर विक्रेत्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो, असे ऐकतो.

येथे लबाडीचा एक प्रकार सांगितला पाहिजे. सडलेली तुळई कापून काढायची, गाडीला खालून नीट आधार द्यायचा, दारे जागेवर ठेवून फटी जुळवायच्या आणि मग एकेक थर नवा जोडायचा, हे खरे काम. त्याला वेळ लागतो, आणि वेळाचे दाम द्यावे लागतात. म्हणून काही जण कुजक्या तुळईवरच नवा पत्रा टाचून देतात आणि वरून रंग मारतात. दोन वर्षांत पुन्हा तेच. खालच्या दातेरी पट्टीची कड बाहेरून दिसते का, ते पाहावे. ती झाकलेली असेल तर कोणीतरी काहीतरी झाकले आहे. आधार न देता वेल्ड केलेली गाडी तर वाकलेल्या स्थितीतच कायमची पक्की होते, मग तिची दारे जन्मात जुळत नाहीत.

पुट्टी, म्हणजे आपले रंगारी जिला लांबी म्हणतात ती, कोठे भरली आहे हे शोधण्यासाठी लोक खिशात लहानसे लोहचुंबक ठेवतात. पत्र्याला ते चिकटते, लांबीला चिकटत नाही. पण अर्धवट ज्ञान कसे फसवते पाहा. साठीच्या दशकातील गाड्यांचे बॉनेट अॅल्युमिनियमचे होते. त्यावर चुंबक चिकटत नाही म्हणून आरडाओरडा करणारा ग्राहक उलट अस्सल भागालाच नावे ठेवतो.

आणखी काही जागा आहेत: पुढच्या चाकांवरचे पंखे, मागच्या पट्ट्यांची टोके जेथे अडकवली आहेत तो भाग, आणि आसनांमागच्या बॅटरीच्या पेट्या. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या तेथे खाली लपवलेल्या असत; आम्लाने त्या पेट्या खाल्ल्या जातात आणि कोणी तेथे डोकावत नाही. दाराच्या पत्र्याला लहान तिकोनी काचेखाली उभी चीर जाते, ती या गाडीची जन्मखूणच समजतात.

इंजिनाविषयी मी थोडक्यात सांगतो, कारण ते आपल्या ओळखीचे आहे. एम. जी. बी. चे १७९८ घन सेंटिमीटरचे इंजिन बी मालिकेतले. आणि आपल्या अॅम्बॅसेडरला अनेक वर्षे जे १४८९ चे इंजिन होते, ते त्याच घराण्यातले धाकटे भावंड. उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात ते होत होते. तेव्हा गावोगावच्या ज्या मिस्त्रींनी अॅम्बॅसेडर उघडली आहे, त्यांना अॅबिंग्डनच्या गाडीचे निम्मे शरीरशास्त्र पाठ आहे! गरम झालेल्या इंजिनात चालत्या गाडीला तेलाचा दाब पन्नास ते ऐंशी पौंडांच्या दरम्यान हवा. निळा धूर म्हणजे तेल जळते. तेलाच्या झाकणाखाली सायीसारखा चिकटा दिसला तर पाणी तेलात मिसळत असण्याचा संशय घ्यावा, मात्र थंडीत थोडक्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही तसे दिसते. १९६४ च्या अखेरीस तीन बेअरिंगांच्या जागी पाच बेअरिंगांचा क्रँक आला, तो अधिक टिकाऊ. १९६७ पर्यंतच्या गिअरपेटीत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, तेव्हा तेथे कुरकुर झाली तर ती गाडीची नव्हे, चालवणाऱ्याची. पुढचे चाक वर-खाली धरून हलवावे. खडखडले तर किंगपिनला ग्रीस मिळालेले नाही. ग्रीसगनचे काम कोणी केले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता ज्या मुद्द्यासाठी हा विषय घेतला त्याकडे येतो. सत्तरीच्या दशकापासून एक समजूत घट्ट बसली आहे की, ब्रिटिश मोटारी वाईट झाल्या त्या संपकरी कामगारांमुळे. आपल्याकडील वर्तमानपत्रेही कारखाना बंद पडला की हेच सांगतात. संप झाले हे मी नाकारीत नाही. १९५६ च्या जूनमध्ये ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने सहा हजार माणसांना नोटीस न देता काढले, तेव्हा संप झाला आणि व्हायलाच हवा होता. काही संप मला स्वतःला अनाठायी वाटतात, तेही सांगतो. पण गाडीसमोर गुडघे टेकून विचार करा. पाणी साचणारी पोकळी कागदावर कोणी आखली? आतून मेण फवारण्याची तरतूद ठेवावयाची की नाही, हे कोणी ठरवले? जोडाऱ्याच्या हातात जो सांगाडा आला त्यात ही भोके बुजणार हे आधीच लिहिलेले होते. याउलट सैल राहिलेला बोल्ट, वाकडी बसलेली दाराची पट्टी हे दोष जुळवणीतले. आणि माझ्या वाचनात आलेल्या परीक्षेच्या याद्यांत त्यांना जागा फार थोडी आहे, कारण ते स्पॅनर घेऊन कोणालाही दुरुस्त करता येतात.

तिसरा दोष कायद्याच्या खात्यावरचा. अमेरिकेच्या नियमांसाठी १९७४ च्या अखेरीस गाडीला काळ्या रबरी नाकाचे जाडजूड बंपर आले आणि गाडी जमिनीपासून सुमारे दीड इंच वर उचलली गेली. त्यामुळे ती वळणावर जास्त कलू लागली. अमेरिकेस जाणाऱ्या गाड्यांचे दोन कार्ब्युरेटर जाऊन एकच राहिला, ताकद घटली. नवी गाडी आखण्यास पैसा नव्हता, म्हणून जुनीलाच ठिगळे लागली. आज बाजारात चकचकीत क्रोमच्या बंपरांची गाडी अधिक भाव खाते, आणि म्हणून रबरी गाडीला क्रोम चढवून वय लपवण्याचा धंदाही चालतो. तेव्हा क्रमांकाची पट्टी पाहावी आणि गेडनच्या संग्रहालयाकडून गाडीच्या जन्माचा दाखला मागवावा. कारखान्याच्या नोंदवह्यांवरून तो मिळतो.

या वेळपर्यंत कंपनी १९६८ च्या विलीनीकरणाने ब्रिटिश लेलँड झाली होती आणि १९७५ साली सरकारी मालकीची. लिव्हरपूलजवळच्या स्पेक कारखान्यात ट्रायम्फ टी. आर. ७ होत असे. तेथे लांबलेला संप झाला आणि १९७८ साली ती शाखा बंद झाली. अॅबिंग्डनची कीर्ती याच्या नेमकी उलट होती, शांत कारखाना अशी. १९७९ च्या सप्टेंबरात गावाने कारखान्याच्या पन्नाशीचा उत्सव केला. मिरवणूक निघाली, जुन्या गाड्या सजल्या. उत्सव संपतो न संपतो तोच, सोमवार दिनांक १० रोजी, अॅबिंग्डनचे काम बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. पौंड महाग झाल्याने अमेरिकेत विकलेल्या प्रत्येक गाडीमागे नऊशे पौंडांचे नुकसान होते, असा व्यवस्थापनाचा हिशेब होता. तो हिशेब कसा मांडला यावर तेव्हापासून वाद आहे. संप करणाऱ्यांचा कारखाना गेला आणि न करणाऱ्यांचाही गेला, एवढे मात्र वादातीत आहे. २०१४ च्या मे महिन्यात उत्तरपाड्याच्या फाटकावर काम थांबल्याची नोटीस लागली, तेव्हा मला अॅबिंग्डनची आठवण झाली. आज एम. जी. हे नाव एका चिनी कंपनीकडे आहे आणि त्या नावाच्या गाड्या २०१९ पासून गुजरातेत हालोल येथे तयार होतात. नाव तेच, घर निराळे.

शेवटी परीक्षेचे एक कलम राहिले. स्विंडनचे जुने साचे मोडीत गेले असे सर्व समजत होते. त्यांतील बरेच साचे निरनिराळ्या ठिकाणी पडून राहिलेले सापडले, आणि १९८८ साली ब्रिटिश मोटर हेरिटेजने त्यांवर एम. जी. बी. चा संपूर्ण सांगाडा पुन्हा तयार करून विकायला काढला. तेव्हा आज विक्रीस उभी असलेली १९६५ ची गाडी अशा नव्या सांगाड्यावर उभी असू शकते. हे काही पाप नव्हे. उलट असा सांगाडा बहुधा जास्त भरवशाचा. पण विक्रेत्याने तसे सांगितले पाहिजे. सांगाड्याची पावती कोणत्या वर्षाची, जुन्या गाडीतून काय काय काढून यात बसवले, वेल्डिंग कोणी केले, आणि काम चालू असताना काढलेली छायाचित्रे आहेत काय, एवढे विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत पाकिटाला हात लावू नये.