स्तनातील साधी गाठ आणि गोठवण्याचा उपचार : आधी तपासणी, मग निर्णय

स्तनात गाठ हाताला लागली की पहिला विचार कॅन्सरचा येतो आणि दुसरा, घरात सांगायचे कसे, हा. कुरवंडेसारख्या गावातली मुलगी लाजेपोटी महिनोन्‌महिने गप्प राहू शकते. म्हणून ही माहिती कार्यकर्त्यांना असायला हवी.

गाठ म्हणजे कॅन्सरच का?
नाही. साधारण १५ ते ३५ या वयात आढळणारी गुळगुळीत, रबरासारखी, बोटाखाली सरकणारी गाठ बहुधा फायब्रोॲडिनोमा असते. हा कॅन्सर नव्हे. अशा अनेक गाठींना उपचारच लागत नाहीत. काही आपोआप आकसतात. डॉक्टर ठरावीक काळाने सोनोग्राफी करून लक्ष ठेवतात. गाठ वाढत असेल, दुखत असेल किंवा फार काळजी वाटत असेल, तर ती काढतात.

गोठवतात कसे?
शस्त्रक्रियेत चीर, टाके आणि व्रण येतो. क्रायोॲब्लेशनमध्ये फक्त ती जागा बधिर करतात आणि सोनोग्राफीत पाहत एक बारीक नळी गाठीत घालतात. आरगॉन वायू किंवा द्रव नायट्रोजनमुळे नळीच्या टोकाभोवती बर्फाचा गोळा तयार होतो. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी ज्या पिंपात रेतमात्रा ठेवतात, त्यात हाच द्रव नायट्रोजन असतो. त्याचे तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस. गाठ गोठवतात, वितळू देतात, पुन्हा गोठवतात. उणे ४० अंशांच्या खाली पेशी फुटून मरतात. रुग्ण त्याच दिवशी घरी जाते. काही दिवस सूज व काळेनिळेपणा राहतो. मेलेली गाठ मात्र लगेच नाहीशी होत नाही; शरीर ती काही महिन्यांत हळूहळू शोषून घेते.

गोठवून गाठी मारण्याचा प्रयत्न नवा नाही. लंडनचे डॉ. जेम्स अर्नॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात बर्फ व मिठाचे मिश्रण स्तनाच्या कॅन्सरवर वापरले होते. अमेरिकेत फायब्रोॲडिनोमासाठी या उपचाराला २००१ मध्ये मान्यता मिळाली.

सर्वात महत्त्वाची अट
शस्त्रक्रियेत काढलेली गाठ प्रयोगशाळेत तपासता येते. गोठवलेली गाठ शरीरातच राहते, ती तपासता येत नाही. म्हणून आधी डॉक्टरांची तपासणी, सोनोग्राफी आणि जाड सुईने तुकडा काढून बायोप्सी झालीच पाहिजे. फायलॉइड्स नावाची गाठ अशीच दिसते, पण ती शस्त्रक्रियेनेच काढावी लागते. गाठ सोनोग्राफीत स्पष्ट दिसणारी आणि साधारण ४ सेंटिमीटरपेक्षा लहान असावी. बायोप्सीशिवाय कोणी गोठवायला निघाले, तर नकार द्या.

गावातून पुढे कुठे?
आधी आशाताई, मग जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र. पुढे लोणावळ्याहून लोकलने पुण्याचे ससून सर्वोपचार रुग्णालय गाठता येते. ते सरकारी आहे. गोठवण्याची सोय मोठ्या शहरांतल्या मोजक्याच ठिकाणी आहे व खर्च जास्त असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. ही सोय मिळाली नाही, तरी घाबरायचे कारण नाही : साध्या गाठीवर लक्ष ठेवणे किंवा शस्त्रक्रिया हेही योग्यच उपचार आहेत.

वय वाढलेल्या भगिनींची गाठ मात्र कधीही साधी गृहीत धरू नये. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमधील दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तन तपासले. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी आढळले.

वर्षावासात महिला विहारात जमतात. त्यातला एक दिवस आरोग्यसेविकेला बोलवा. तरुण मुलींनाही सोबत बसवा. गाठ हाताला लागलीच, तर कोणाला सांगायचे हे तिला त्या दिवशी कळलेले असेल.