शंकरशेट मिळाली

‘तिला शंकरशेट मिळाली.’ मराठी मध्यमवर्गीय घरांत हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आले आहे. काय मिळाली आणि कशात मिळाली, हे सांगावे लागत नाही. ‘शिष्यवृत्ती’ हा शब्द मनातल्या मनात गृहीत धरलेला असल्यामुळे गिरगावातल्या एका शेटजींचे नाव चक्क स्त्रीलिंगी होऊन बसले. मॅट्रिकला, आणि पुढे शालान्त परीक्षेत, संस्कृतमध्ये सर्वांत वरचे गुण मिळवणाऱ्याला ही शिष्यवृत्ती मिळे. ती ज्यांच्या नावाची, त्या नाना शंकरशेटांनी आयुष्यात शिक्षणासाठी जी सर्वांत मोठी तक्रार मांडली, ती मात्र संस्कृतसाठी नव्हती. ती मराठीसाठी होती. इथूनच माझ्या कुतूहलाला सुरुवात झाली.

आधी घराण्याविषयी. आडनाव मुरकुटे, जात दैवज्ञ सोनार. अठराव्या शतकात या घराण्यातले गणबाशेट मुंबईत आले आणि व्यापारात पाय रोवून राहिले. फोर्टातल्या गनबो स्ट्रीटचा बंदुकीशी काही संबंध नव्हता. ‘गणबा’चेच ते साहेबी रूप. सोनारकी आणि व्यापार यांतून दोन-तीन पिढ्यांनी संपत्ती उभी केली. १८०३ साली जगन्नाथांचा जन्म झाला, तेव्हा घरी शिक्षक ठेवून मुलाला इंग्रजी शिकवावे एवढी ऐपत आणि एवढी दृष्टी घरात होती. १८२२ साली वडील वारले. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हाती सगळा व्यवहार आला, आणि त्याच वर्षी मुंबईत स्थापन झालेल्या हैंदशाळा शाळापुस्तक मंडळीच्या कामात हा मुलगा दिसू लागला.

नानांच्या पुढल्या कामाची यादी शालेय पुस्तकांतून सर्वांना पाठ आहे. एल्फिन्स्टन गव्हर्नरपद सोडून गेले तेव्हा त्यांच्या स्मारकासाठी जमलेल्या वर्गणीतून शिक्षणसंस्था काढावी, या खटपटीत ते होते. १८४९ साली मुलींच्या शाळेला त्यांनी आपल्या वाड्यात जागा दिली, आणि तीही गिरगावातल्या भल्याभल्यांनी नाके मुरडण्याच्या काळात. रेल्वे, बॉम्बे असोसिएशन वगैरे इथे बाजूला ठेवू. आपल्याला हवी आहे ती १८४७ ची एक गोष्ट.

१८४० साली स्थापन झालेल्या बोर्ड ऑफ एज्युकेशनवर तीन एतद्देशीय सभासद होते: फ्रामजी कावसजी, महंमद इब्राहिम मकबा आणि जगन्नाथ शंकरशेट. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा आग्रह असा, की सरकारचा तोकडा पैसा इंग्रजी शिक्षणावर खर्च व्हावा. नानांनी १८४७ साली लेखी टिपण देऊन याला विरोध केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: इंग्रजी शिकणार ते मूठभर, लोकांपर्यंत विद्या न्यायची असेल तर ती त्यांच्याच भाषेतून न्यावी लागेल. हे बोलणारा माणूस इंग्रजीचा वैरी नव्हता. त्याचा व्यवहार इंग्रजांशीच चाले. म्हणून त्या टिपणाला वजन आहे.

३१ जुलै १८६५ रोजी नाना गेले. त्यांच्या पश्चात मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती आली ती घराण्याच्या देणगीतून, आणि ती संस्कृतसाठी. असे का व्हावे? एक कारण सरळ आहे. मुंबई विद्यापीठाने १८६० च्या दशकात देशी भाषांना पदवीच्या अभ्यासक्रमातून बाहेर काढून त्या जागी अभिजात भाषा बसवल्या. मराठीला परत आत घेण्यासाठी न्यायमूर्ती रानड्यांना आयुष्यभर झगडावे लागले. ज्या भाषेला विद्यापीठात पाट मांडलेला नाही, तिच्यासाठी विद्यापीठाकडे देणगी देऊन काय साधणार!

दुसरे कारण माझा तर्क आहे, वाचकांनी तो तर्क म्हणूनच घ्यावा. १७७९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या कंपनी सरकारने सोनारांच्या ज्ञातिप्रमुखाला एक हुकूम पाठवला होता. सोनारांनी ‘नमस्कार’ हा अभिवादनाचा शब्द वापरू नये, आणि प्रमुखाने ही आज्ञा सगळ्या जातीला कळवून ती कसोशीने पाळली जाते की नाही हे पाहावे. ‘नमस्कार’ हा ब्राह्मणी शब्द, तेव्हा तो सोनारांच्या तोंडी शोभत नाही, असा पुण्याकडचा आक्षेप होता आणि कंपनीने तो मान्य केला. नानांच्या जन्माआधी जेमतेम चोवीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट. आजोबांच्या पिढीला जो एक संस्कृत शब्द उच्चारायची बंदी झाली, त्याच भाषेतल्या पहिल्या विद्यार्थ्याने पुढे कायम आपल्या घराण्याचे नाव सांगावे, यात एका जुन्या अपमानाला दिलेले शांत उत्तर मला दिसते. ते देणाऱ्यांच्या मनात होते की नाही, हा प्रश्न वेगळा.

तो हुकूम आज अनेकांना माहीत आहे तो बाबासाहेब आंबेडकरांमुळे. त्यांनी आपल्या लेखनात तो उद्धृत केला आहे. आणि इथे हा इतिहास गुंतागुंतीचा होतो.

परीक्षेच्या गुणांवर मिळणारी शिष्यवृत्ती जात विचारीत नाही. उत्तरपत्रिकेवर क्रमांक असतो. पण संस्कृतची उत्तरपत्रिका लिहिण्याआधी संस्कृतच्या वर्गात बसावे लागते. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून शिकवायला नकार मिळाला आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. ज्या एल्फिन्स्टन संस्थेच्या उभारणीत नाना होते, तिच्यातूनच फुटून निघालेली ही शाळा. म्हणजे नानांच्या नावाची शिष्यवृत्ती या मुलाच्या हातून गुणांत हुकली असे म्हणायचीही सोय नाही. त्या शर्यतीत त्याला उभेच राहू दिले नाही. त्याला पुढे नेले ते दुसऱ्याच एका शिष्यवृत्तीने, बडोद्याच्या सयाजीरावांच्या दरमहा पंचवीस रुपयांनी.

पाच वर्षांनी, १९१२ साली, मॅट्रिकला पहिला आलेल्या चिंतामण द्वारकानाथ देशमुखांना पहिली शंकरशेट मिळाली. महाडजवळच्या नाते गावचा हा मुलगा पुढे रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर आणि देशाचा अर्थमंत्री झाला, पण संस्कृत त्याने सोडली नाही. मेघदूत मराठीत आणले. शिष्यवृत्तीचे सार्थक म्हणावे ते हेच, आणि देशमुखांच्या गुणवत्तेतून कोणी काही वजा करू नये. केवळ या दोन साली एकाच परीक्षेला बसलेली ही दोन मुले शेजारी ठेवून पाहावीत एवढेच. नेहरूंच्या मंत्रिमंडळात १९५० च्या सुमारास दोघेही एकत्र होते: एक कायदामंत्री, दुसरा अर्थमंत्री.

आंबेडकर संस्कृत शिकले ते पुढे, बव्हंशी स्वतःच्या कष्टाने. आणि सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत राजभाषेचा वाद ऐन रंगात असताना, हिंदीच्या जागी संस्कृतला संघराज्याची राजभाषा करावे अशी दुरुस्ती आली, तेव्हा तिच्या पुरस्कर्त्यांत कायदामंत्र्यांचे नाव होते. वार्ताहरांना त्याचे नवल वाटले. त्यांनी विचारले, तेव्हा संस्कृतमध्ये गैर काय आहे, असा बाबासाहेबांनी उलट प्रश्न केला.