मानधन हे नवे बलुतेच आहे : काळजीच्या कामाचा इतिहास

गेल्या पावसाळ्यात आमच्या तालुक्यात रुग्णसेविकांच्या प्रशिक्षणाची एक तुकडी सुरू झाली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला अंघोळ घालणे, कूस बदलणे, पाठीला जखम होऊ न देणे, भरवणे, लघवीची पिशवी रिकामी करणे, रक्तदाब आणि साखर मोजणे, असा अभ्यासक्रम. यादी हातात आली तेव्हा दोन-चार नावे सोडली तर सगळ्या मुली बौद्धवाड्यातल्या, मातंग वस्तीतल्या आणि भटक्यांच्या पालांवरच्या होत्या. आमच्या बैठकीत एका तरुण कार्यकर्त्याने सरळ विचारले, "बाबासाहेबांनी आपल्याला मेलेली ढोरे ओढायचे सोडायला सांगितले. आता पाटलाच्या म्हाताऱ्याचे गू-मूत काढायला आपल्याच बहिणींना आपणच पाठवायचे का?"

बैठक गप्प झाली. प्रश्न चुकीचा नव्हता, पण त्याचे उत्तर नुसत्या हो-नाहीत देता येणार नाही. त्यासाठी इतिहास पाहावा लागेल.

महाराष्ट्रातल्या अनेक गावांत सुईणपण हे मांग, महार बायकांकडे होते. ज्या बाईच्या सावलीचा विटाळ, तिच्याच हातात सवर्णाचे मूल पहिल्यांदा यायचे. बाळंतपण उरकले की ती परत गावकुसाबाहेर. मोबदला म्हणजे पसाभर धान्य, जुने लुगडे. आणि तिचे स्वतःचे बाळंतपण? फुले दाम्पत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आलेल्या निबंधात ते सांगून ठेवले आहे. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, अशी तिची तक्रार होती. गावाची काळजी जिने घ्यायची, तिची काळजी गावाने कधी घेतली नाही.

याच मातीत दुसरी परंपराही आहे. 1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीमाईंनी मुलगा डॉ. यशवंत याच्या मदतीने पुण्याजवळ रुग्णांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या वस्तीतल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या. त्यांनाही प्लेगने गाठले आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. त्यांनी हे काम जातीने वाट्याला आले म्हणून केले नाही, स्वतः निवडले. रुग्णाचे अंग पुसणे हे हलके काम नाही, हे आपल्याला माईंकडून कळते. जातीने लादले आणि दाम दिला नाही, की तेच काम गुलामी होते.

आता सरकारने काय केले ते पाहू. इंग्रजांच्या काळात 1885 चा डफरिन फंड आला, 1903 चा व्हिक्टोरिया मेमोरियल फंड आला. गावच्या दाईला शिकवून तयार करायचे, ही कल्पना तेव्हापासूनची. स्वातंत्र्यानंतरही दाई प्रशिक्षण चालू राहिले. दाईला पेटी मिळाली, पद मात्र मिळाले नाही. 2005 नंतर जननी सुरक्षा योजनेत दवाखान्यातल्या बाळंतपणावर भर आला. तो भर योग्यच होता. पण ज्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या वापरले, त्यांचे पुढे काय, हे कुणी विचारले नाही. पद नव्हते, म्हणून पेन्शनही नव्हती.

2 ऑक्टोबर 1977 रोजी केंद्र सरकारने गावोगावी सामुदायिक आरोग्य कार्यकर्ता नेमण्याची योजना सुरू केली. तीन महिने प्रशिक्षण आणि महिना 50 रुपये मानधन. थोड्याच वर्षांत त्याच माणसाचे नाव 'कार्यकर्ता'वरून 'स्वयंसेवक' झाले आणि 1981 मध्ये 'आरोग्य मार्गदर्शक'. काम तेच, नाव वेगळे. कामगार म्हटले की पगार मागता येतो, स्वयंसेवक म्हटले की फक्त आभार मानायचे.

याच दशकात आपल्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या जामखेडला वेगळा प्रयोग झाला. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे काम सुरू केले. गावानेच आपली बाई निवडायची, तिने जामखेडला येऊन शिकायचे, गावात जाऊन काम करायचे आणि अडचणी घेऊन पुन्हा शिकायला यायचे, अशी पद्धत. निवडलेल्यांत निरक्षर बायका होत्या, दलित बायका होत्या. वेगवेगळ्या जातींच्या बायका एकत्र राहत, एकत्र जेवत. अक्षर न येणारी बाई आरोग्याचे ज्ञान पेलू शकते, आणि प्रशिक्षणाच्या खोलीत जात मोडता येते, या दोन्ही गोष्टी जामखेडने सिद्ध केल्या. आरोळे दाम्पत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

2005 मध्ये आशा योजना आली. तिच्यातही बाई त्याच गावची, प्रशिक्षण जवळच. म्हणजे सरकारने 'स्थानिक' हा भाग बरोबर उचलला. पगार मात्र उचलला नाही. आशा आजही कागदोपत्री स्वयंसेविका आहे आणि हातात पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला. 2018 पासून आयुष्मान भारतच्या आरोग्य केंद्रांत वृद्धांची आणि असाध्य आजाऱ्यांची काळजी हेही काम जोडले गेले. तिशीपुढच्या प्रत्येक माणसाचा फॉर्म तिनेच भरायचा, अंथरुणावरच्या आजीच्या घरीही तिनेच जायचे. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा सन्मान केला. त्यानंतरही महाराष्ट्रातल्या आशांना 2023-24 च्या हिवाळ्यात संप करावा लागला, आझाद मैदानात बसावे लागले.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढची माणसे एक कोटीच्या वर होती. तेव्हापासून ती वाढलीच आहेत. मुले पुण्या-मुंबईला, म्हातारी गावात. हे काम वाढणार, हे नक्की. ते वतन म्हणून वाढणार की नोकरी म्हणून, एवढेच ठरायचे आहे.

इथे बाबासाहेबांकडे पुन्हा जावे लागते. 1927 ला महाडला ढोरे ओढणे सोडण्याचे आवाहन झाले, हे आपल्याला पाठ आहे. पण त्यानंतर वर्षभरात, 19 मार्च 1928 रोजी, त्यांनी मुंबई विधिमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले, ते आपण कमी वाचतो. 1874 च्या वतन कायद्याने महार हा सरकारचा आणि गावाचा चोवीस तासांचा नोकर होता. तो घरी नसला तर बाप किंवा घरातले दुसरे कुणी कामाला जुंपले जाई. मोबदला म्हणजे इनामाचा तुकडा आणि बलुते. बाबासाहेबांचे म्हणणे असे होते की ज्याला वतनातून सुटायचे त्याला सुटता यावे, कामे नेमकी ठरावीत आणि बलुत्याऐवजी रोख पैसा मिळावा. निवड समितीत विधेयकाची मोडतोड झाली तेव्हा 1929 मध्ये त्यांनी ते मागे घेतले. ही वतने कायद्याने जायला 1958 उजाडले.

आता आशाताईचा दिवस या मापाने मोजा. वेळ ठरलेली नाही, रात्री फोन आला की निघायचे. कामाची यादी दरवर्षी लांबते. घरोघरच्या सर्वेक्षणाला नवरा नाहीतर लेक सोबत. हातात मानधन. हे बलुते नाही तर काय आहे?

म्हणून आमच्या त्या तरुण मित्राला आमचे उत्तर असे आहे. तुझा राग खरा आहे, पण तो कामावर नको, अटींवर हवा. बाबासाहेबांनी जातीने बांधलेली, रोख दाम न देणारी सेवा नाकारायला सांगितले. शिकून, ठरलेल्या तासांत, पगारावर केलेले काम नाकारायला सांगितले नाही. मजूरमंत्री असताना कामाच्या आठ तासांसाठी झटले ते बाबासाहेबच.

केरळने 2008 मध्ये वेदनाशामक काळजीचे धोरण करून हे काम पंचायतींकडे सोपवले. प्रशिक्षित परिचारिका घरोघर जाते, गावचे स्वयंसेवक तिच्या मदतीला असतात. आपल्याकडे ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्चायचे असा नियम आहे. ते पैसे कुठे जातात, हे ग्रामसभेत विचारले आहे का कुणी?

आपल्या मागण्या या असाव्यात :

1. प्रत्येक ग्रामपंचायतीत काळजी सेविकेचे आणि सेवकाचे मंजूर पद, किमान वेतन, ठरलेले तास.

2. भरती गावातूनच, पण सर्व जातींतून आणि पुरुषांचीही. एकाच वस्तीची यादी आली तर ती परत पाठवायची.

3. प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन, आणि त्या प्रमाणपत्रावर पुढे नर्सिंगला प्रवेश. हे काम पहिली पायरी ठरले पाहिजे.

4. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी. अंगणवाडी ताईंना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये मान्य केले. तोच धागा पुढे न्यायचा.

त्या तुकडीतल्या मुलींशी आम्ही बोललो. त्यांना काम हवे आहे. एकीने एवढेच विचारले, "दादा, सर्टिफिकेटवर नोकरी लागंल ना, का नुसतं घरोघर बोलावतील?" या प्रश्नाचे उत्तर प्रशिक्षण देणाऱ्यांकडे नव्हते. ते उत्तर मिळवणे आता चळवळीचे काम आहे. येत्या ग्रामसभेत पहिली मागणी लेखी द्या, पोच घ्या, आणि तिची प्रत त्या मुलींच्या हातात ठेवा.

जय भीम!